चारही बाजूंनी डोंगर, वरून उघडं

पेण-रोहा हा कुणाचा सुट्टीचा रस्ता नाही. बहुतेक लोक तो अलिबागला किंवा गोव्याला जाताना ओलांडतात आणि वडखळच्या चौकात अडकले की त्याला शिव्या देतात. मीही आतापर्यंत एवढंच केलं होतं. फेब्रुवारीत तिथे तीन दिवस राहिले, तेही कामासाठी. हा ब्लॉग वाचणारे काही जण मला ‘गर्दी नसलेलं कोकण’ विचारत असतात, म्हणून लिहिते आहे. गर्दी नव्हती, एवढं नक्की. बाकीचं वाचून ठरवा.

काम काय होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी रेडिओ खगोलशास्त्राच्या एका छोट्या गटात इंजिनिअर आहे. विश्वात पहिले तारे पेटले तेव्हा अवकाशात सगळीकडे हायड्रोजन वायू होता. त्याची खूण असलेल्या रेडिओलहरी अजून आपल्यापर्यंत येतात, पण विश्व प्रसरण पावत गेल्यामुळे त्या ताणल्या गेल्या आहेत. आज त्या साधारण एफएम रेडिओ आणि जुन्या टीव्हीच्या पट्ट्यात येऊन पडतात. काही वर्षांपूर्वी परदेशातल्या एका गटाने हा संकेत सापडल्याचं जाहीर केलं. आपल्याकडच्या एका गटाने तलावावर अँटेना तरंगवून पुन्हा मोजलं, तर त्यांना तसं काही दिसलं नाही. वाद अजून मिटलेला नाही. आमच्या सरांना निवृत्तीआधी आणखी एक स्वतंत्र मोजमाप उभं करायचं आहे आणि त्यासाठी माणसांचा रेडिओ पोचत नाही अशी जागा हवी आहे.

अशा जागा आता नकाशावर शोधाव्या लागतात. सरांनी मोबाइल नेटवर्कच्या नकाशावर रोह्याजवळ एक पांढरा ठिपका दाखवला. डोंगरांनी चारही बाजूंनी वेढलेलं एक खोरं, त्यात एक गाव, आणि नेटवर्क शून्य. “जाऊन मोजून ये,” ते म्हणाले. गावाचं नाव इथे लिहीत नाही. मी गावकऱ्यांना विचारलेलं नाही.

पुण्याहून गटाची जुनी डिझेल जीप घेऊन निघाले. डिझेल मुद्दाम, कारण पेट्रोल इंजिनाच्या ठिणग्या आमच्या अँटेनाला ऐकू येतात. खोपोलीपर्यंत एक्सप्रेसवे, तिथून पेणचा रस्ता. हा रस्ता बरा आहे, फक्त ट्रक खूप. पेणमध्ये चहाला थांबले तर समोर गणपतीचा कारखाना होता. फेब्रुवारीत तिथे रंगकाम सुरू झालेलं नसतं. पत्र्याच्या शेडमध्ये ओळीने पांढऱ्या मूर्ती उभ्या होत्या, हात-सोंड पूर्ण, डोळे नाहीत. डोळ्यांची रेखणी सगळ्यात शेवटी होते. मी फोटो काढला आणि नंतर पुसून टाकला.

पेणचे पोह्याचे पापड सगळे घेतात, मीही दोन पाकिटं घेतली. वडखळला तासभर गेला. पुढे नागोठण्यापर्यंत महामार्ग कुठे चांगला, कुठे उकरलेला, आणि दोन्ही बाजूंच्या झाडांवर एकसारखी राखाडी धूळ. नागोठण्याहून खिंडीतून रोह्याला उतरलं की कुंडलिका नदी दिसते आणि त्याच वेळी औद्योगिक वसाहतीचा वास येतो. स्टेशनजवळच्या लॉजवर खोली घेतली. स्वच्छ चादर, गरम पाणी फक्त सकाळी. खाली खाणावळीत बांगड्याची थाळी चांगली मिळाली. एकटी मुलगी म्हणून कुणी काही विचारलं नाही. शेजारच्या टेबलावर शिफ्ट संपवून आलेले दोघं जण कुठल्या तरी मुकादमाला लाखोली वाहत जेवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात पोचले. डांबर अर्ध्या वाटेत संपतं, पुढे लाल मातीचा चढ. भाताची खाचरं रिकामी होती आणि ओलाव्यावर वाल उभा होता. सरपंच उमेशदादा वाट बघत होते. चाळिशीचे, रोह्यात एका कंपनीत कंत्राटी काम करून सोडलेले. “या मॅडम. सरांशी बोलणं झालंय आपलं. तुमची दुर्बीण आली का रस्ता येतो, लाइट येते चोवीस तास. बरोबर ना?”

“रस्त्याचं मी सांगू शकत नाही. मी फक्त मोजायला आले आहे.”

“मोजा, मोजा. मोजल्याशिवाय कोण काय देतो?”

मोजायची जागा गावामागच्या टेपावर, म्हणजे छोट्या टेकडीवर होती. जीप खालीच बंद ठेवायची, म्हणजे बॅटरी हाताने वर न्यायची. मी उचलणार तेवढ्यात पन्नाशीच्या एक बाई पुढे आल्या. त्यांनी पदराची चुंबळ केली, बॅटरी डोक्यावर घेतली आणि मला वाटही न विचारता चढायला लागल्या. वाटेत एवढंच म्हणाल्या, “तुजं नाव काय गो? जेवलीस का न्याहारी?” या सुनंदाकाकी.

टेपावर एक मोठं जांभळीचं झाड आहे. त्याच्या खालच्या फांद्यांना प्लास्टिकच्या पिशव्यांत मोबाइल लटकत होते, नऊ-दहा तरी. अख्ख्या खोऱ्यात तेवढ्याच जागी कधीकधी नेटवर्कची एक काडी येते. लोक सकाळी फोन झाडाला लावून शेतावर जातात आणि संध्याकाळी काय निरोप आले ते बघायला येतात. कुणाचा फोन वाजला आणि जवळ कुणी असलं तर तो नाव घेऊन खाली हाक मारतो. मी हे बघत उभी राहिले, कारण माझ्या कामासाठी ही वाईट बातमी होती. दुबळ्या नेटवर्कवरचा फोन पूर्ण जोर लावून ओरडत असतो.

काकींनी बॅटरी ठेवली, घाम पुसला आणि माझ्या तिवईकडे, त्यावरच्या अँटेनाकडे पाहिलं. चेहरा एकदम उजळला. “मंग कवा उभा ऱ्हातो टावर?”

“कुठला टॉवर?”

“कुटला म्हंजे? सर्व्हेला आलीस ना तू? मागं पन दोगं आलते, असाच तीन पायांचा घेऊन.”

म्हणून बॅटरी डोक्यावर घेतली होती. मी सांगितलं की मी टॉवरची नाही. आम्हाला आकाशातून येणारे फार बारीक रेडिओ संकेत ऐकायचे आहेत, आणि इथे टॉवर नाही म्हणूनच मी इथे आले आहे.

त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. “टावर नाय म्हनून.”

“हो.”

“आन मंग तुमी आल्याव टावर येल का?”

मी खरं ते सांगितलं. टॉवर वेगळ्या पट्ट्यात बोलतो, पण जवळ असला तर त्याच्या जोराने आमचा रिसीव्हर आंधळा होतो आणि त्याच्या वीजपुरवठ्याचा गोंगाट तर आमच्याच पट्ट्यात येतो. टॉवर अडवण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण ग्रामपंचायतीने आम्हाला जागा दिली तर त्या करारात टॉवरचा अर्ज मागे घ्या असं लिहिलेलं असेल. दोन्ही होणार नाही.

काकी झाडाखाली बसल्या. खाली जाणार असं मला वाटलं होतं. “उमेशनी ह्ये काय सांगितला नाय,” एवढंच म्हणाल्या.

मी उपकरणं जोडायला घेतली. माझ्याकडे बघत नव्हत्या तरी बोलत होत्या. त्यांची मुलगी प्रिया पेणला दिली आहे. तिला सहावा सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्यात ओटी भरून मुलीला घरी आणायची. काकींनी खोली सारवून ठेवली होती, बाज बांधून घेतली होती. पण प्रियाच्या सासऱ्यांनी साफ सांगितलं होतं. तिथे रेंज नाही, रात्री-अपरात्री गाडी बोलावता येत नाही, टॉवर उभा राहिला तर पाठवतो, नाहीतर नाही.

“वाईट नाय मानूस,” काकी म्हणाल्या. “त्यांचा बी चुकत नाय. आमचे मालक वालात काम करत व्हते, नाग चावला. मी फोन लावाया हितं पळत आले. काडी येईना. आली तं लागंना. खाली गेले तवर त्यांची जीभ जड झालेली. दवाखान्यापत्तोर टिकले नाय.” मग जांभळीकडे हात करून म्हणाल्या, “ह्या झाडाला इचार, मी काय काय बोलले ते.”

मी मोजमाप सुरू केलं.

त्या दिवशीचे आकडे चांगले आले. फार चांगले. रोहा, कोलाड, महामार्ग, औद्योगिक वसाहत, सगळं डोंगरांमागे बुडालं होतं. मुंबई-पुण्याची एफएम स्टेशनं पुण्याजवळच्या आमच्या जागेवर भिंतीसारखी उभी असतात. इथे ती इतकी क्षीण होती की मोजायला वेळ लागला. दुपारभर झाडावरचे फोन बंद ठेवायला काकींनीच सगळ्यांना सांगितलं. मी विनंती करायच्या आत. “मोजायचाच हाय तं नीट मोज,” म्हणाल्या. दुपारी घरून वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी आणून दिली. मी नको म्हटलं. “टावरची नाय म्हनून काय उपाशी ठेवू?”

रात्र गावातच काढली. तिसऱ्या दिवशी मी वरच्या दिशेला लक्ष दिलं. एक गोष्ट प्रत्येक पाहणीत दिसते, इथेही दिसली. दर थोड्या वेळाने पडद्यावर एक बारीक रेघ उगवायची, वाढायची आणि मावळायची. उपग्रह. त्यांना दिलेल्या पट्ट्यात ते बोलतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण मोठ्या रेडिओ दुर्बिणींनी अलीकडे आणखी एक गोष्ट मोजली आहे. शेकड्यांनी, हजारांनी सोडल्या जाणाऱ्या नव्या उपग्रहांच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समधून, ठरवून नाही, असाच एक गोंगाट गळतो, आणि तो आम्हाला लागणाऱ्या पट्ट्यातही येतो. माझ्या साध्या अँटेनाला तो दिसण्याइतका मोठा नाही. आमची दुर्बीण बांधून महिनोन्‌महिने मोजलं तर दिसेल. खोऱ्याला चारही बाजूंनी डोंगर आहेत. वर काही नाही.

जांभळीखालून सरांना फोन लावला. तिसऱ्या प्रयत्नात लागला.

“जमिनीवरून ही आपली सगळ्यात चांगली जागा आहे,” मी म्हणाले. “उपग्रहांचं अहवालात लिहिते.”

“ते सगळीकडेच आहे. जगात कुठेही जा. त्यावर डेटा गाळायचे मार्ग निघतील.”

“निघतील. अजून निघालेले नाहीत. आणि हे लोक त्यासाठी टॉवर सोडणार आहेत.”

“गावात आत्ता काही बोलू नकोस. आधी जागा ठरवणाऱ्या समितीपुढे ठेवू.” फोन तुटला. त्यांनी ठेवला की काडी गेली, हे मला माहीत नाही.

संध्याकाळी सरपंचांनी पोपटी लावली होती. रायगडात या दिवसांत आलात तर ही चुकवू नका. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, जाडं मीठ, असे थर भरतात, मडकं शेतात उलटं ठेवून भोवती पेंढा-काटक्या पेटवतात. पाणी घालत नाहीत. पाल्याचा उग्र वास शेंगांत उतरतो. वीसेक माणसं जमली होती. काकीही होत्या, बायकांच्या बाजूला.

मडकं फोडून शेंगा वाटून झाल्यावर सरपंचांनी विषय काढला. “तं मॅडम, पास का नापास?”

एक म्हातारा म्हणाला, “उमेश, तुजी दहावी नाय ती. पास-नापास काय!” हसू झालं. सरपंचही हसले.

“येक सांगतो सगळ्यांना,” ते म्हणाले. “टावरचा अर्ज देऊन किती दिवस झालं? कंपनीवाले येतात, फोटू काढतात, जातात. गिऱ्हाईक कमी, त्यांना परवडत नाय. ह्ये सरकारी लोक हायत. हे आले तं रस्ता करावा लागल. हातात काय येतं ते बघा.”

“आन माज्या पोरीनी रस्त्याव फोन लावायचा काय?” काकी बसल्या जागेवरून म्हणाल्या.

“काकी, तुज्या एकटीसाठी गाव थांबवायचा का?”

“दोन वरसं गाव थांबलाच हाय, उमेश. मी नाय थांबवला.”

मग सरपंच माझ्याकडे वळले. “तुमी सांगा. जागा तुमच्या कामाची हाय का नाय? हो का नाय, येवढाच.”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी हो म्हणू शकत होते. ते खोटं ठरलं नसतं. पण त्यांनी विचारलं होतं ते मोजमापाबद्दल, आणि मोजमाप अर्धं सांगायचं नाही एवढं मला शिकवलेलं आहे. ते शिकवणारेही सरच.

“बाजूंनी हो,” मी म्हणाले. “आम्ही पाहिलेल्या सगळ्या जागांत चांगली. वरून नाही. वरून उपग्रह जातात, त्यांचा गोंगाट डोंगर अडवत नाहीत. तो पुढे वाढणार आहे. तुम्ही टॉवर सोडलात तरी आमचं काम इथे होईलच, असं मी आज सांगू शकत नाही.”

“किती जातात?” म्हाताऱ्याने विचारलं.

“शेकड्यांनी. हजारांनी होतील.”

“आन त्यांना तुमी काय बोलत नाय?”

“बोलतो. बैठका होतात. थांबत नाहीत.”

काकी हातातली शेंग सोलायची थांबल्या. आवाज चढवला नाही. “ते वरचे शेकड्यांनी चालले तं चालतात. आमचा येकच तेवडा नडतो व्हय गो?”

यावर तांत्रिक उत्तर आहे. जवळचा एक स्रोत आणि लांबचे हजार यांचा हिशोब वेगळा असतो. मला ते उत्तर पाठ आहे. मी दिलं नाही.

मग सरपंच म्हणाले, “अर्ज ऱ्हाऊ दे टावरचा,” आणि विस्तवावर पाणी मारायला उठले. रागावले होते. कुणावर ते मला कळलं नाही. निघताना त्यांनी माझी बॅटरी स्वतः जीपमध्ये ठेवली आणि म्हणाले, “तुमी खरं बोललात, ते बरा केलात. पन रस्ता गेला आमचा.”

परतताना कोलाडवरून आले. महामार्गावरच्या एका धाब्यावर मिसळ खाल्ली, बेताची होती. फोनला रोह्यातच पूर्ण नेटवर्क आलं आणि दोन दिवसांचे निरोप एकदम वाजू लागले. एकही महत्त्वाचा नव्हता.

अहवालात मी दोन्ही गोष्टी लिहिल्या, गावात काय बोलले तेही. सरांनी माझं एकही वाक्य कापलं नाही. त्या विषयावर ते माझ्याशी बोललेलेही नाहीत. ग्रामपंचायतीचा होकार नाही म्हणून समितीने ती जागा बाजूला ठेवली. दुसरी अजून मिळालेली नाही.

जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत जा, वालाचा हंगाम असतो. डिझेल रोह्यातच भरा. घरच्यांना आधी सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागणार नाही. तुम्हाला ते आवडेल. तुम्हाला परत यायचं असतं.

जूनच्या आधी मी सरपंचांना फोन केला. झाडावरचा फोन उचलला गेला, कुणीतरी खाली हाक मारली, मी थांबले. आल्या त्या सुनंदाकाकी.

“मुलगी झाली,” म्हणाल्या. “पेनलाच. मी जाऊन ऱ्हायले आठ दिस. लोकांच्या घरात किती ऱ्हानार? जावयाच्या घरी पानी बी मागून प्यावा लागतं.”

“टॉवरचं काय झालं?”

“फोटू काढून गेले परत. तुजी ती दुर्बीन?”

“नाही झाली.”

“नाय?” त्या हसल्या, थोडंसंच. “मंग कुनासाठी गप बसलाय गो आमचा डोंगर?”

त्यानंतर काडी गेली. आमच्या तक्त्यात जागा शांततेच्या क्रमाने लावलेल्या असतात. ते खोरं अजून पहिलं आहे, कारण तिथे अजून काहीच आलेलं नाही.